काळू पुन्हा झोकांड्या खातोय? आधी पाहुण्यांची पिशवी बघा

आमच्या काळूला अकरा महिन्यांत चार वेळा हे झालं. पहिल्या वेळी आम्ही उन्हाला दोष दिला, दुसऱ्या वेळी बेडकाला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी खरं कारण शोधून दिलं: झायलिटॉल, माणसांच्या च्युइंगगममधली एक गोडी. चौथ्या वेळी मात्र आम्हाला आमचीच लाज वाटली, कारण तोवर सगळं ठाऊक झालं होतं. तुमच्या घरचा कुत्रा मधूनच दारू प्यायल्यासारखा चालत असेल, तासा-दोन तासांत बरा होत असेल आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच होत असेल, तर हे वाचा.

काळू गावठी आहे, वजन बारा किलो. आम्ही गोव्यात चोडण बेटावर राहतो. पणजीला जायचं तर रायबंदरची फेरीबोट धरायची, नाहीतर मयेवरून डिचोलीकडे वळसा घालायचा. हे सांगायचं कारण पुढे येईल.

मे महिन्यातली पहिली वेळ. सकाळी साडेदहाला काळू पडवीच्या तीन पायऱ्या उतरत होता आणि तिसऱ्या पायरीवर त्याची मागची ढुंगणं एका बाजूला गेली. उठला, दोन पावलं टाकली, पुन्हा बसला. थोडं ओकला. हाक मारली तर बघत होता माझ्याच दिशेने, पण माझ्याकडे नाही. अंगात बारीक थरथर. आम्ही डोक्यावर पाणी मारलं, पंख्याखाली ठेवलं, दुपारी पेज दिली. संध्याकाळी तो पोदेराच्या (पाववाल्याच्या) हॉर्नवर भुंकायला गेटवर हजर. ऊन लागलं असणार, विषय संपला.

दुसरी वेळ चवथीच्या दुसऱ्या दिवशी. पावसाचे दिवस, अंगणात हे एवढाले बेडूक. शेजारच्या आजी म्हणाल्या, बेडूक तोंडात धरला असेल. त्यांनी मीठ-मिरची ओवाळून दृष्टही काढली. मी गुळाचं पाणी पाजलं आणि तो अर्ध्या तासात उभा राहिला. गुळाने बरा झाला, ही खूण तेव्हाच लक्षात यायला हवी होती.

तिसरी वेळ नाताळच्या आदल्या आठवड्यात, रात्री आठच्या सुमारास, आणि ती साधी नव्हती. काळू सोप्याखाली, म्हणजे सोफ्याखाली, आडवा, पाय ताणलेले, जबडा कटकट वाजतोय. मी किंचाळले. माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, वीस वर्षांचे मधुमेही. ते काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “ह्याची शुगर पडलीय. मला होतं तेव्हा मी अस्साच दिसतो, तू बघितलायस ना?” बघितला होता. थरथर, हरवलेली नजर, घाम. कुत्र्याला तसा घाम येत नाही, एवढाच काय तो फरक.

नवऱ्याने पणजीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, घरात ग्लुकोमीटर आहे का? आहे की, टीव्हीच्या बाजूलाच. कानाच्या पाळीच्या अगदी कडेला, जिथे केस विरळ असतात, तिथे बाबांनीच सुई टोचली. आकडा आला ३४. माणसांची मशीन कुत्र्याच्या रक्ताला साधारणपणे खऱ्यापेक्षा कमीच दाखवते हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण कुत्र्याची साखर ६० च्या खाली गेली म्हणजे ती कमीच धरतात, तेव्हा ३४ ला शंकेला जागा नव्हती.

“काय खाल्लंय ते शोधा, वेष्टण मिळालं तर घेऊन या. येईपर्यंत हिरड्यांना मध चोळत राहा, घशात ओतू नका.” फोन बंद.

वेष्टण सोप्याखालीच सापडलं. माझा भाचा बोटीवर कामाला असतो, तो त्याच दिवशी सुट्टीवर आला होता. त्याची पाठीवरची बॅग सोप्यावर, बाजूच्या खिशाची चेन उघडी आणि च्युइंगगमची प्लास्टिकची डबी चावून चपटी केलेली. त्याच्या आठवणीप्रमाणे आत दहा-बारा गोळ्या होत्या. आता उरल्या होत्या दोन. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात घटकांची यादी आणि त्यात पहिलंच नाव झायलिटॉल.

हे झायलिटॉल म्हणजे नेमकं काय

गोडीसाठी वापरतात ती एक ‘शुगर अल्कोहोल’. पिण्याच्या अल्कोहोलशी तिचा संबंध नाही, रसायनशास्त्रात त्या गटाचं ते नाव आहे, इतकंच. १८९१ च्या सुमारास ती पहिल्यांदा तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा फिनलंडने बर्च झाडाच्या लाकडापासून ती काढली. नावही ग्रीकमधल्या लाकूड या शब्दावरून आलेलं. आज मक्याच्या कणसाच्या बुरखुंडापासूनही काढतात. गोडीला साखरेइतकीच, कॅलरी तिच्याहून कमी, दात किडत नाहीत, माणसाच्या रक्तातली साखर फारशी चढत नाही. म्हणून मधुमेह्यांच्या, दातांच्या आणि वजन कमी करणाऱ्यांच्या वस्तूंत ती जाऊन बसते.

“मग मला चालतं ते त्याला का चालत नाही?” हा बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. माणसाचं स्वादुपिंड झायलिटॉलकडे जवळपास दुर्लक्ष करतं. कुत्र्याचं फसतं. त्याला वाटतं भरपूर साखर आली, आणि ते इन्सुलिन भसाभसा सोडतं. प्रत्यक्षात साखर आलेलीच नसते. त्यामुळे रक्तात जी होती नव्हती तीही पेशींत ओढली जाते आणि मेंदू उपाशी पडतो. हे बहुधा दहा मिनिटं ते एक तास एवढ्यात सुरू होतं. गमच्या बाबतीत घात असा की माल गममध्ये अडकून राहतो आणि हळूहळू सुटतो, त्यामुळे लक्षणं दिसायला बारा-बारा तासही लागू शकतात. म्हणून ‘तास झाला, काही झालं नाही’ यावर भरवसा ठेवू नका.

मात्रेचा हिशेब डॉक्टरांनी मला कागदावर करून दिला, तो आता फ्रिजवर चिकटवलेला आहे. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे साधारण ०.१ ग्रॅम झायलिटॉल पोटात गेलं की साखर पडायची भीती. दर किलोमागे ०.५ ग्रॅमच्या पुढे गेलं की यकृतालाही धोका. काळू बारा किलोंचा, म्हणजे १.२ ग्रॅम आणि ६ ग्रॅम. गमच्या एका गोळीत ब्रँडप्रमाणे पाव ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. आठ-दहा गोळ्या म्हणजे वाईटात वाईट धरलं तर दोन्ही रेषा ओलांडल्या. तीन किलोंचं पिल्लू असेल तर एक गोळीही पुरे.

त्या रात्री फेरी पलीकडच्या काठावर होती. पाणी ओलांडायला पाच-सात मिनिटं, पण ती अलीकडे येईपर्यंत धक्क्यावर उभं राहायचं. काळू माझ्या मांडीवर, दर दोन मिनिटांनी बोटभर मध हिरड्यांवर. फेरीवरच्या पोराने आम्हाला सर्वांत पुढे घेतलं, उतरताना पहिली गाडी आमची. मधामुळे तो शुद्धीवर राहिला, पण मध हा उपचार नव्हे. इन्सुलिन अजून सुटतच असतं, त्यामुळे वर आलेली साखर पुन्हा खाली जाते. तिथे शिरेतून ग्लुकोजच लागतं. रात्रभर त्याला डेक्स्ट्रोजची ड्रिप लावली, तासा-दोन तासांनी साखर तपासली. मग यकृतासाठी चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी रक्त. दुसऱ्या दिवशी आकडे थोडे वर गेले, चौथ्या दिवशी उतरायला लागले. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध नाही. साखर सावरून धरायची आणि यकृतावर लक्ष ठेवायचं, हाच उपचार. निव्वळ साखर पडलेला कुत्रा वेळेत पोचला तर बहुधा बचावतो. यकृत गेलं तर मात्र अवघड, आणि ते एक ते तीन दिवसांनी उघड होतं: डोळे आणि हिरड्या पिवळट, काळी शी, कुठूनतरी रक्त. म्हणून ‘घरी आला, शेपूट हलवतोय’ एवढ्यावर रक्ततपासणी टाळू नका.

मागच्या दोन वेळांचा छडा

आमच्याकडे कालनिर्णयच्या पानांवर सगळं टिपलेलं असतं. दूधवाल्याचा खाडा, गॅस कधी लागला, कोण आलं, कोण गेलं. घरी आल्यावर मी मे महिन्याचं पान उलटलं. काळूला ‘ऊन लागलं’ त्याच्या आदल्या संध्याकाळी नोंद: भाचा आला. म्हणजे तेव्हाही बॅग आणि तेव्हाही गमच. तेव्हा सोप्याखाली चांदीचे दोन कागद सापडलेले आठवले. शेजारच्या पोरांनी टाकले म्हणून मीच ते केरात लोटले होते.

चवथीचं कोडं सुटायला नणंदेला फोन करावा लागला. ती पुण्याहून येताना बाबांसाठी एक पाकीट घेऊन आली होती, ‘बर्च शुगर’, ऑनलाइन मागवलेली. बाबांच्या वाटणीच्या नेवऱ्यांत (करंज्यांत) सारणाला तीच घातली. मी विचारलं, किती? “अगं, नेवरीला चमचाभर पडली असेल.” एक चमचा म्हणजे चारेक ग्रॅम. तिच्या मुलाने अर्धी नेवरी काळूला टाकली होती, म्हणजे दोनेक ग्रॅम. आमच्या १.२ च्या रेषेच्या वर, ६ च्या बरीच खाली. त्या दिवशी झालं तेही नेमकं तेवढंच: ओकला, लडखडला, गुळाच्या पाण्याने सावरला. बिचाऱ्या बेडकाचा काही संबंध नव्हता.

बर्च शुगर, वुड शुगर ही झायलिटॉलचीच दुसरी नावं. ‘नैसर्गिक’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. स्ट्रॉबेरीतही ते चिमूटभर असतं. पण पाकिटात ते किलोने भरलेलं असतं.

पाकीट कसं वाचायचं

चष्मा लावून. गंमत नाही, ही अक्षरं खरंच बारीक असतात. आपल्याकडच्या पाकिटांवर गोडीचं नाव न देता कधी कधी नुसतं ‘स्वीटनर’ आणि कंसात एक क्रमांक असतो, इंग्रजी अंकांत. झायलिटॉलचा क्रमांक ९६७. आयएनएस (आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९६७ किंवा ई (युरोपातला क्रमांक) ९६७, दोन्ही एकच. हा एक आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्यामुळे ९६७ पहिल्या दोन-तीनांत दिसला तर माल भरपूर आहे असं समजा. ‘पॉलिओल्समुळे रेचक परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली (पॉलिओल म्हणजे शुगर अल्कोहोलच) की थांबायचं आणि कुठला पॉलिओल ते शोधायचं.

कारण सगळेच पॉलिओल मारक नसतात. सॉर्बिटॉल ४२०, माल्टिटॉल ९६५, एरिथ्रिटॉल ९६८ यांनी कुत्र्याचं पोट बिघडेल, पण इन्सुलिनचा हा खेळ होत नाही. चहात टाकायच्या छोट्या गोळ्यांत बहुतेक वेळा ॲस्पार्टेम, सुक्रालोज किंवा स्टीव्हिया असतं, त्यांनीही हे होत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या वाड्यावर बातमी ‘शुगर-फ्रीने कुत्रा मरतो’ अशी पसरली आणि एकाने बाबांच्या गोळ्यांकडे बोट दाखवलं. घाबरायचं ते एकाच नावाला. तरी उगीच कुठलीच गोडी कुत्र्याला देऊ नये हे वेगळं.

कुठे कुठे सापडतं ते पाहिल्यावर मी चक्रावले. गम आणि मिंट हे ठरलेलेच. शिवाय काही टूथपेस्ट, त्यातही लहान मुलांच्या, आणि माउथवॉश. चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, साखरविरहित खोकल्याची काही औषधं, माणसांसाठीची काही पातळ औषधं. म्हणून घरातलं माणसाचं सिरप ‘अर्धा चमचा’ कुत्र्याला द्यायची सवय सोडा. प्रोटीन बार, साखर न घातलेलं आइस्क्रीम, जॅम, सिरप. आणि घरी केलेला ‘कीटो’ (साखर-पीठ टाळणाऱ्यांचा) केक हा सगळ्यांत घातक, कारण त्यात ते चमच्याने नाही, वाटीने पडतं. दोनशे ग्रॅम घालून दहा तुकडे केले तर एका तुकड्यात वीस ग्रॅम, म्हणजे काळूच्या यकृताच्या रेषेच्या तिप्पट. नाताळात शेजारून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट येतं. ते आता आम्ही थेट वरच्या फळीवर ठेवतो. तसंही केकातले मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडाला वाईटच.

सिगरेट सोडायला जे गम मिळतात, त्यांत निकोटिनही असतं. तिथे दोन विषांचा मामला होतो. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

तरीही चौथ्यांदा

डिसेंबरनंतर आम्ही कपाटं उपसली. बर्च शुगर नणंदेला परत. बाथरूमचं दार ओढून घ्यायची सवय लागली. भाच्याने गम सोडलं नाही, पण डबी पँटच्या खिशात राहू लागली. मी निश्चिंत.

एप्रिलमध्ये काळूला जंताची गोळी द्यायची होती. भाच्याने परदेशातून पीनट बटरची बरणी आणलेली, व्यायामशाळेवाल्यांची. मी चमचाभर घेतलं, त्यात गोळी दडवली. काळूने बटर चाटलं आणि गोळी थुंकली. पुन्हा चमचाभर. या वेळी गोळी गेली. चाळीस मिनिटांनी तो पाणी पिताना भांड्यात नाक बुडवून तसाच उभा राहिला, आणि माझ्या पोटात गोळा आला. बरणी फिरवून बघितली. शेंगदाण्यानंतर लगेच ९६७. म्हणजे या वेळी माझ्या हातानेच. ग्लुकोमीटर ५२. मध, फोन, फेरी, ड्रिप. या खेपेला एका रात्रीत भागलं.

चूक कुठे होती ते तेव्हा कळलं. आम्ही कपाट साफ केलं होतं, पण माल कपाटात जन्माला येत नाही, दारातून येतो. पाहुण्याच्या बॅगेतून, कुरिअरच्या खोक्यातून, नणंदेच्या मायेतून. म्हणून बंदोबस्त दारातच केला. पडवीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, चार जाड खुंट्या ठोकून घेतल्या. आलेली बॅग आधी खुंटीला, मग पाणी, मग गप्पा. सोप्यावर बॅग ठेवायची नाही, जावई असला तरी. भाच्याला पहिल्यांदा राग आला, आता तोच दुसऱ्यांना सांगतो. घरात ९६७ असलेलं काही आलंच, तर झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपक्याची वस्तू वरच्या फळीवर, आणि ठिपक्याचा चमचा कुत्र्याच्या ताटलीत नाही. बाबांचे डोळे अधू, पण लाल ठिपका त्यांना दिसतो.

एक फट उशिरा सापडली: पंचायतीच्या सुक्या कचऱ्याची पिशवी. ती पडवीत खाली लटकायची, आणि चॉकलेट-गमची कागदं चाटायला काळू तिथे. ती आता झाकणाच्या डब्यात असते. पीनट बटर मी आता शेंगदाणे भाजून मिक्सरला घरीच वाटते, मीठ-साखर काही न घालता. गोळी मात्र तो अजूनही थुंकतो.

झालंच तर, त्या क्षणी

उलटी करवू नका. मीठपाणी, मोहरी, घशात बोट, यातलं काहीही नको. मिठाचं पाणी स्वतःच घात करू शकतं, आणि लडखडणारा कुत्रा ओकला तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. नुकतंच खाल्लं असेल आणि कुत्रा ठणठणीत असेल, तर उलटी डॉक्टर करवतील, त्यांच्या हाताने. कोळशाची पूड काही विषांवर चालते, झायलिटॉलला ती नीट धरत नाही. ताक, दूध, लिंबू यांत वेळ जातो.

लक्षणं दिसायची वाट न बघता फोन करा आणि चारच गोष्टी सांगा: वजन, काय खाल्लं, किती, केव्हा. कमी-जास्ताचा अंदाज असेल तर जास्तीचा सांगा. झोकांड्या किंवा थरथर असेल आणि दवाखाना लांब असेल, तर डॉक्टरांना विचारून मध किंवा साखरेचं दाट पाणी हिरड्यांना चोळा. झटके चालू असताना दातांच्या मध्ये बोट घालू नका, ओठ बाजूला ओढून बाहेरूनच लावा. आणि निघा.

झोकांड्यांना दुसरीही कारणं असतात: गोचीडताप, फिट्स, पावसाळ्यात साप. पाहुणे, खाऊ, बॅग यांच्याशी वेळ जुळत नसेल, तर माझं ऐकून घरी मध चोळत बसू नका. दवाखाना तरीही गाठायचाच.

आमच्या फ्रिजवर आता तीन कागद आहेत. काळूचं वजन आणि त्याच्या दोन रेषा, डॉक्टरांचे रात्रीचे नंबर, आणि फेरीचं वेळापत्रक. त्याखाली बाबांनी पेनाने लिहिलंय: ‘फेरी चुकली तर मयेवरून. थांबू नका.’